करडईचे तेल आणि शरीराला हवी असलेली दोन मेदाम्ले

महाराष्ट्रात खाद्यतेलाची चर्चा बहुधा तेलाच्या नावापाशी येऊन थांबते. शेंगदाण्याचे चांगले की करडईचे, सूर्यफुलाचे हलके की तूप जड, असे विचारले जाते आणि उत्तरही एखाद्या नावातच शोधले जाते. पचनसंस्थेला या नावांशी कर्तव्य नसते, कारण लहान आतड्यात पोहोचलेल्या प्रत्येक तेलातुपाचे विघटन होऊन त्यातून मेदाम्ले सुटी होतात आणि पुढे रक्तात, यकृतात, पेशींत जे काही घडते ते त्या मेदाम्लांच्या जातीवर आणि परस्परांतील प्रमाणावर ठरते. हा विषय नीट समजून घेण्यासाठी करडईइतके सोयीचे दुसरे पीक क्वचितच सापडेल. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत, रब्बीत, केवळ मुरलेल्या ओलीवर येणाऱ्या या काटेरी पिकाच्या तेलाने गेल्या शंभर वर्षांतील आहारशास्त्राच्या अनेक महत्त्वाच्या प्रयोगांत भाग घेतला आहे, आणि त्यांतील काही प्रयोगांचे निष्कर्ष या तेलाच्या बाजूने, तर काही त्याच्या मर्यादा दाखवणारे निघाले आहेत.

तेल, तूप, चरबी यांचा मुख्य घटक म्हणजे ट्रायग्लिसराइड, ज्यात ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी प्राण्यांच्या चरबीवरील आपला ग्रंथ 1823 मध्ये प्रसिद्ध केला आणि चरबी ही एकसंध वस्तू नसून निरनिराळ्या आम्लांनी बनलेली असते, हे त्यातून स्पष्ट झाले. मेदाम्ल ही कार्बनच्या अणूंची साखळी असते आणि तिच्या एका टोकाला आम्लगट असतो. आहारातील मेदाम्लांत ही साखळी साधारणपणे 4 ते 22 कार्बनची असते. साखळीतील सर्व कार्बन एकेरी बंधांनी जोडलेले असतील तर ते मेदाम्ल संपृक्त, एका ठिकाणी दुहेरी बंध असेल तर एकअसंपृक्त आणि दोन किंवा अधिक ठिकाणी असतील तर बहुअसंपृक्त म्हटले जाते. संपृक्त साखळ्या सरळ असल्याने एकमेकींना चिकटून बसतात, म्हणून तूप आणि खोबरेल थंडीत गोठते. दुहेरी बंधाच्या जागी साखळी वाकते, त्यामुळे तशा साखळ्यांची घट्ट रचना होत नाही आणि करडईचे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळच राहते.

कोणत्याही तेलात एकाच जातीचे मेदाम्ल नसते, ही गोष्ट लक्षात घेतली की अनेक गैरसमज आपोआप गळून पडतात. तुपात सुमारे 60 ते 65 टक्के मेदाम्ले संपृक्त असली तरी जवळपास चौथा हिस्सा ओलेइक आम्लाचा, म्हणजे ऑलिव्हच्या तेलातील मुख्य मेदाम्लाचाच असतो. खोबरेल तेल सुमारे 90 टक्के संपृक्त असून त्यातील जवळजवळ निम्मा वाटा 12 कार्बनी लॉरिक आम्लाचा असतो. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास, तर लिनोलेइक हे दोन दुहेरी बंधांचे आम्ल साधारण 30 टक्के असते. तिळाच्या तेलात ही दोन्ही जवळजवळ सारखीच भरतात. पामतेलात 16 कार्बनी संपृक्त पामिटिक आम्ल आणि ओलेइक आम्ल मिळून चार पंचमांशांहून अधिक भाग होतो. करडईचे तेल या सर्वांत वेगळे ठरते, कारण त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या लिनोलेइक आम्लाचा असतो. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक या तीन दुहेरी बंधांच्या आम्लाचा असतो, जे करडईत जवळपास नसतेच. ही दोनच आम्ले, लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक, मानवी आहाराच्या दृष्टीने अत्यावश्यक मानली जातात.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंत मेद म्हणजे केवळ इंधन, असा शास्त्रज्ञांचा समज होता. एका ग्रॅम मेदापासून 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर पिष्ट आणि प्रथिने यांपासून सुमारे 4, आणि शरीर साखरेपासून मेद तयार करू शकते, म्हणून जीवनसत्त्वांची सोय केली तर आहारात मेद नसला तरी बिघडणार नाही, असे मानले जाई. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने 1929 मध्ये हा समज खोटा ठरवला. मेदाचा अंशही राहू नये अशा काळजीने शुद्ध केलेल्या आहारावर वाढवलेल्या उंदरांची वाढ खुंटली, त्यांच्या शेपटीवर आणि पायांवर खवले धरले, मूत्रपिंडे बिघडली, प्रजनन थांबले आणि शेवटी ते दगावले. अशाच उंदरांना थोडासा मेद दिला की ते सुधारत. पुढच्याच वर्षी, 1930 मध्ये, या सुधारणेचे श्रेय लिनोलेइक आम्लाला जाते हे त्यांनी दाखवून दिले.

शरीर हे आम्ल का बनवू शकत नाही, याचे कारण विकरांमध्ये, म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांमध्ये आहे. आम्लगटाच्या टोकापासून मोजले असता नवव्या कार्बनपाशी दुहेरी बंध बसवणारे विकर मनुष्याजवळ असते, म्हणून तो संपृक्त स्टिअरिक आम्लापासून ओलेइक आम्ल सहज तयार करतो. त्यापलीकडे, बाराव्या आणि पंधराव्या कार्बनपाशी बंध बसवणारी विकरे मात्र वनस्पतींकडे असतात, मनुष्याकडे नसतात. साखळीच्या दुसऱ्या, म्हणजे शेपटाकडच्या टोकाला ओमेगा म्हणतात. त्या टोकापासून पहिला दुहेरी बंध सहाव्या कार्बनवर असल्याने लिनोलेइक आम्ल ओमेगा-6 गटात, तर तिसऱ्या कार्बनवर असल्याने अल्फा-लिनोलेनिक आम्ल ओमेगा-3 गटात मोडते. एका गटातील आम्लाचे दुसऱ्या गटातील आम्लात रूपांतर करणे मनुष्याला शक्य नसते, आणि या लेखातील पुढचे सारे त्या एका असमर्थतेतून निघते.

लिनोलेइक आम्लाचे पहिले काम त्वचेत दिसते. त्वचेच्या बाहेरच्या थरातील जी मेदद्रव्ये शरीरातील पाणी उडून जाऊ देत नाहीत, त्यांच्या रचनेत या आम्लाची जागा दुसरे कोणी घेऊ शकत नाही. बर दांपत्याच्या उंदरांची त्वचा खवलेदार झाली त्यामागे हेच कारण होते. याच आम्लाला लांबवून आणि त्यात आणखी दुहेरी बंध घालून शरीर 20 कार्बनी ॲराकिडोनिक आम्ल तयार करते. ते पेशीपटलात साठवले जाते आणि गरज पडताच त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची अल्पजीवी संदेशद्रव्ये तयार होतात. दाह, ताप, वेदना, रक्त गोठणे, गर्भाशयाचे आकुंचन अशा अनेक क्रियांवर त्यांचे नियंत्रण असते. ॲस्पिरिनची गोळी याच द्रव्यांची निर्मिती रोखून काम करते, हे जॉन व्हेन यांनी दाखवले आणि 1982 मध्ये सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ताटातल्या तेलाचा डोकेदुखीच्या गोळीशी इतका सरळ संबंध असावा, ही आहारशास्त्रातील खरोखर विलक्षण गोष्ट आहे.

अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून शरीर अशाच मार्गाने आयकोसापेंटाएनोइक आणि डोकोसाहेक्साएनोइक ही दोन लांब मेदाम्ले तयार करते, आणि ती ईपीए व डीएचए या आद्याक्षरांनी ओळखली जातात. ईपीएपासून बनणारी संदेशद्रव्ये सामान्यतः ॲराकिडोनिक आम्लापासून बनणाऱ्या द्रव्यांपेक्षा सौम्य असतात, तर डीएचए मेंदूच्या आणि डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या पेशींत मोठ्या प्रमाणात आढळते आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूत झपाट्याने साठत जाते. अडचण अशी की दोन्ही गटांच्या या प्रवासात तीच विकरे वापरली जातात. आहारात लिनोलेइक आम्ल भरमसाट आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल नावापुरते असेल, तर विकरे पहिल्याच्या कामात गुंतून राहतात आणि दुसऱ्याचे लांब मेदाम्लांत होणारे रूपांतर, जे मुळातच कमी असते, आणखी घटते.

अल्फा-लिनोलेनिक आम्लही मनुष्याला स्वतंत्रपणे आवश्यक आहे, याचा एक ठळक पुरावा करडईच्या तेलामुळेच मिळाला. अमेरिकेत सहा वर्षांच्या एका मुलीचे आतडे बंदुकीच्या गोळीने जखमी झाल्यामुळे मोठ्या प्रमाणात काढून टाकावे लागले आणि तिला सर्व पोषण शिरेवाटे देण्यात येऊ लागले. त्या पोषणद्रवातील मेद करडईच्या तेलाचा होता, म्हणजे त्यात लिनोलेइक आम्ल विपुल होते आणि अल्फा-लिनोलेनिक जवळपास नव्हते. काही महिन्यांनी मुलीला हातापायांत बधिरपणा, अशक्तपणा, चालता न येणे, पायदुखी आणि अंधुक दिसणे असा त्रास सुरू झाला. सुमारे सात टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असलेल्या सोयाबीन तेलाचा पोषणद्रव दिल्यावर ही मज्जासंस्थेची लक्षणे नाहीशी झाली. राल्फ होल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एकाच रुग्णावरून नियम बांधता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरीही शुद्ध, ताजे, उत्तम प्रतीचे तेल असूनसुद्धा त्यात नसलेली वस्तू ते शरीराला देऊ शकत नाही, हे त्या मुलीच्या दुखण्याने जितके स्पष्ट केले तितके एखाद्या मोठ्या सर्वेक्षणानेही केले नसते.

दरम्यान करडईच्या तेलाची कीर्ती हृदयरोगाच्या संदर्भात वाढली होती, आणि ती निराधारही नव्हती. पामिटिक, लॉरिक आणि मिरिस्टिक ही संपृक्त मेदाम्ले रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवतात, कारण ते रक्तातून उचलून नेणारे यकृतावरील ग्राहक-रेणू त्यांच्या प्रभावाने कमी होतात. या ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्टिअरिक आम्ल संपृक्त असूनही या बाबतीत जवळपास तटस्थ असते. संपृक्त मेदाच्या जागी लिनोलेइक आम्ल घेतले की एलडीएल निश्चितपणे उतरते, म्हणून करडईचे तेल शहरी घरांत हृदयाचे तेल म्हणून शिरले. प्रश्न असा होता की कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे मृत्यूही कमी होतात का.

ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे 1966 ते 1973 या काळात, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा तशाच प्रकारचा त्रास झालेल्या 458 पुरुषांवर याची चाचणी झाली. एका गटाच्या आहारातील संपृक्त मेद कमी करून त्याजागी करडईचे तेल आणि करडईचेच मार्जरिन देण्यात आले. ख्रिस्तोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाचणीची जुनी माहिती पुन्हा मिळवून 2013 मध्ये तिचे विश्लेषण केले, तेव्हा करडई घेणाऱ्या गटात 17.6 टक्के आणि तुलनेच्या गटात 11.8 टक्के मृत्यू झाल्याचे दिसले. याउलट नॉर्वेतील ऑस्लो येथे, 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदयरुग्णांना संपृक्त मेदाऐवजी सोयाबीनचे तेल आणि जोडीला मासे, म्हणजे दोन्ही गटांची मेदाम्ले दिली गेली आणि झटका पुन्हा येण्याचे प्रमाण घटले. सिडनीच्या चाचणीवर आक्षेप आहेत. रुग्ण थोडे होते आणि त्या काळच्या मार्जरिनमध्ये घातक ट्रान्स मेद (ज्याविषयी पुढे येईल) असण्याची शक्यता आहे. शिवाय मोठ्या लोकसमूहांचे निरीक्षण केले असता रक्तात लिनोलेइक आम्ल जास्त असणाऱ्यांत हृदयरोग कमीच आढळतो. त्यामुळे लिनोलेइक आम्लाला विषारी ठरवणाऱ्या अलीकडच्या प्रचाराला या चाचणीचा आधार घेता येणार नाही. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवल्या की जे सयुक्तिक वाटते ते एवढेच, की ओमेगा-6 वाढवताना ओमेगा-3 सोबत असणे महत्त्वाचे आहे, आणि हे मत पूर्णपणे सिद्ध झालेले नसले तरी शरीराच्या रसायनाशी जुळणारे आहे.

समुद्रकाठच्या लोकांना ओमेगा-3 लांब मेदाम्लांच्या रूपात आयतेच मिळते. कोकणात आणि गोव्यात स्वस्त समजली जाणारी तारली आणि बांगडा या बाबतीत महागड्या पापलेटहून सरस आहेत, कारण तेलकट माशांच्या मांसात ईपीए आणि डीएचए भरपूर असतात. मासा स्वतः ती फारशी तयार करत नाही. समुद्रातील सूक्ष्म शैवाल ती बनवते आणि अन्नसाखळीतून ती माशापर्यंत पोहोचतात, म्हणूनच शाकाहारी लोकांसाठी शैवालापासून काढलेले डीएचए आज उपलब्ध झाले आहे. देशावरच्या शाकाहारी घरांना मात्र पिढ्यान्‌पिढ्या शरीरातील रूपांतरावरच विसंबून राहावे लागले, आणि त्याची खूण जनुकांतही सापडते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी पुण्यातील सहकाऱ्यांसह केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लांब मेदाम्ले तयार करणाऱ्या विकरांना अधिक कार्यक्षम करणारा एक जनुकीय फरक आईवडील अशा दोघांकडूनही मिळालेल्यांचे प्रमाण प्रामुख्याने शाकाहारी असलेल्या 234 भारतीयांत 68 टक्के, तर 311 अमेरिकनांत 18 टक्के आढळले. ही कार्यक्षमता दुधारी असू शकते. ताटात लिनोलेइक आम्लाचेच तेल ओतले जात असेल तर तीच विकरे ॲराकिडोनिक आम्लही तितक्याच जोमाने तयार करतात.

अल्फा-लिनोलेनिक आम्ल आहारातून कमी होत गेले यामागे साठवणुकीचे अर्थकारणही आहे. जितके दुहेरी बंध अधिक तितके तेल हवेतील ऑक्सिजनशी लवकर संयोग पावून खवट होते. जवसाचे तेल रंगात मिसळले की वाळून कडक पापुद्रा धरते तो याच गुणामुळे. टिकाऊ तेल हवे असणाऱ्या कारखान्यांना हे आम्ल अडचणीचेच होते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी 1902 मध्ये तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, आणि त्या कृतीतून वनस्पती तूप जन्माला आले. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात 1932 पासून ते तयार होऊ लागले. अर्धवट हायड्रोजनीकरणात उरलेल्या दुहेरी बंधांपैकी काहींची ठेवण बदलते, वाकलेली साखळी सरळ होते आणि ट्रान्स मेदाम्ले तयार होतात. ती एलडीएल वाढवतात आणि उपकारक समजले जाणारे एचडीएल घटवतात, हे रोनाल्ड मेन्सिंक आणि मार्टिन काटान यांनी 1990 मध्ये नेदरलँड्समध्ये दाखवले. भारतात खाद्यतेल आणि वनस्पती यांतील ट्रान्स मेदाची मर्यादा 2022 पासून 2 टक्के आहे. अर्थात त्याआधीची कित्येक दशके मध्यम आणि गरीब घरांच्या सणासुदीत, मिठाईत आणि बेकरीत हाच मेद होता, ही खंत उरतेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेपैकी 30 टक्क्यांपर्यंत मेद, त्यात 10 टक्क्यांपर्यंत संपृक्त आणि 1 टक्क्यापर्यंत ट्रान्स असावे. 2000 किलोकॅलरीच्या आहारात याचा अर्थ रोज साधारण 66 ग्रॅम मेद असा होतो, आणि त्यात दूध, शेंगदाण्याचे कूट, ओले खोबरे यांतला न दिसणारा मेदही धरायचा असतो. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 9 ग्रॅम संपृक्त मेद असतो आणि दिवसाची मर्यादा 22 ग्रॅमच्या आसपास येते. तेव्हा वरणभातावरच्या तुपाने बिघडत नाही, पण त्याच दिवशी पामतेलात तळलेले फरसाण आणि बिस्किटे आली की हिशेब पार होतो. संपृक्त मेद काढून त्याच्या जागी साखर आणि मैदा आणल्याने हृदयाला लाभ होत नाही, हेही आता पुरेसे स्पष्ट आहे.

जुन्या मराठी ताटात करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलासोबत जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी असे, आणि विदर्भाच्या काही भागांत जवसाचे तेलही खाण्यात होते. पोषणाच्या दृष्टीने या चटण्यांत जवसाची कामगिरी वेगळी होती, कारण कारळे आणि तीळ यांतही प्रामुख्याने लिनोलेइक आणि ओलेइक हीच आम्ले असतात. जवसाचा अख्खा दाणा टरफलामुळे न पचताच बाहेर पडतो, म्हणून तो भाजून कुटण्याची रीत अत्यंत योग्य होती. कुटलेल्या जवसाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे 7 ग्रॅममध्ये, दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते आणि प्रौढ माणसाची दिवसाची गरज साधारण तेवढीच असते. पूड थोडी थोडी करून झाकून ठेवावी लागते आणि जवसाचे तेल तापवायचे नसते. करडईच्या पारंपरिक तेलालाही तळणीची कढई मानवत नाही, ते फोडणीपुरते किंवा भाकरीसोबत कच्चे घेणेच चांगले.

पुढे करडईचे रूपही बदलले. सोलापूरच्या संशोधन केंद्रातून ‘भीमा’सारखा वाण आला आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण तयार केले, तरी राज्यातील करडईचे क्षेत्र घटतच गेले आणि देशाची निम्म्याहून अधिक तेलाची गरज आयातीने भागू लागली. तिकडे कॅलिफोर्नियात पॉल नोल्स यांनी भारतातून गेलेल्या करडईच्या बियाण्यात एक वेगळाच गुण हेरला होता. त्या झाडांच्या दाण्यात लिनोलेइक आम्लाऐवजी ओलेइक आम्ल साठत होते, आणि त्यावरून 1966 मध्ये उच्च-ओलेइक करडईचा वाण प्रसारित झाला. आज समजते की बाराव्या कार्बनपाशी दुहेरी बंध बसवणारे, मनुष्याजवळ नसलेले तेच विकर या झाडांच्या दाण्यात निकामी झालेले असते, त्यामुळे साखळी ओलेइकपाशीच थांबते. असे तेल तीन चतुर्थांशांहून अधिक ओलेइक आम्लाचे असून उष्णतेला बरेच टिकते, आणि भारतीय संशोधन संस्थांनीही अलीकडे असे वाण काढले आहेत. त्यामुळे बाटलीवरच्या ‘करडई’ या शब्दाने आता पुरता बोध होत नाही. पोषणतक्त्यात 100 ग्रॅममागे बहुअसंपृक्त मेद 70 ग्रॅमच्या घरात असेल तर ते पारंपरिक तेल, आणि एकअसंपृक्त मेद तितका असेल तर ते उच्च-ओलेइक तेल समजावे. तळणासाठी दुसरे अधिक योग्य आहे, आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल दोन्हींत जवळपास नसल्याने जवसाची पूड, अक्रोड किंवा तेलकट मासे यांची जोड दोन्हींना लागते.